वरच्या घराची शाकारणी

“वरच्या घरावर तूच चढ,” आत्या म्हणाली.

मी भाकरी थापत होते. हात परातीतच राहिला. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. ही माझी आत्या मोजकं बोलणारी, पण रीत मोडणारी कधीच नव्हती. बाईमाणसानं छपरावर चढू नये, खाली देव असतात, चूल असते, त्यांच्या डोक्यावर पाय पडतो, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनंच बजावलं होतं.

“मी चढू?”

“तुझा बा शाकारणारा. तू त्याच्या हाताखाली वाढलीस. तुला समदं ठावं हाय.”

“मी आतनं सुई परत द्यायची, आत्या. वर बा चढायचा. आन् वस्तीत गडी काय थोडे हायती? नथूभावजींना सांगते, एका दिसात…”

“नथू नको.” तिनं चुलीतलं लाकूड उगाच मागं ओढलं. “कुनीच नको. त्या घरातला देव कडक हाय. परक्याचा पाय सोसत न्हाई.”

“मग मी कोन?”

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. “तू परकी न्हाईस,” म्हणाली आणि उठून बाहेर गेली. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा कुठं मला शुद्ध आली.

वरचं घर म्हणजे काय ते सांगायला हवं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचं जुनं गाव बुडालं आणि माणसं डोंगराच्या अंगाला सरकून नवी वस्ती करून राहिली. वस्तीतल्या घरांवर हळूहळू कौलं आली, आमच्याही घरावर आली. पण वस्तीच्या वर, रानाच्या कडेला, वाडवडलांचं एक घर पाण्यातून वाचलं होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर. त्यात कोणी राहत नव्हतं. आत्या रोज दिवस कलला की देवाला दिवा लावायला म्हणून वर जायची, पदराखाली काहीतरी झाकून न्यायची, आणि अंधार पडायच्या आत खाली यायची. दरवर्षी पावसाच्या तोंडावर ती आणि मामा, दोघंच ते घर शाकारत. मामा वर, ती आत. मला तिकडं जायची बंदी होती.

बंदी नसती तरी गेले नसते. वस्तीतलं कोणीच जात नव्हतं. गुराख्यांनी त्या छपरातून धूर निघताना पाहिला होता. जळणाला गेलेल्या एका बाईला तिथं खोकल्याचा आवाज आला, आणि मग ती कितीतरी दिवस तापानं फणफणत पडली.

त्या साली मामा वारले होते. ऐन थंडीत, छातीत कळ येऊन. शाकारायला कोणी उरलं नव्हतं.

आणि मी विधवा होते. माझे मालक कोंडीराम त्याच्या चार पावसाळे आधी धरणात गेले. पाण्याच्या काठाला त्यांच्या वहाणा आणि छत्री सापडली, ते सापडले नाहीत. मामांनी स्वतः क्रियाकर्म केलं नाही, पुतण्याला, नथूभावजींना पुढं केलं. बापाचा हात धजला नाही, असं लोक म्हणाले. माझ्या बांगड्या फुटल्या. आत्या मात्र रडली नाही. उलट वर्ष उलटायच्या आत मला म्हणायला लागली, “पोरी, तुझं वय हाय. पाट लाव, दुसरं घर कर. मी तुला हाकलत न्हाई, पन हितं कुजत बसू नगंस.” महिन्या-दोन महिन्यांनी हेच. लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणायचे. मीही म्हणायचे, मनात. तिच्या पोराला गिळलेल्या त्या पाण्याकडं तिनं कधी मान वळवून बघितलेलं मला आठवत नाही.

सकाळी दवाच्या वेळीच आम्ही वर गेलो. गवताचे भारे आत्यानं आधीच घराशी नेऊन ठेवले होते. कसे, कधी, ते तिचं तिला माहीत. अंगणात पालापाचोळा नव्हता. कोणी राहत नसलेल्या घराचं अंगण झाडलेलं होतं.

“तू त्या अंगानं शिडी लाव,” आत्या म्हणाली. “मी आत ऱ्हाते. सुई मी देईन. आत वाकून बगायचं न्हाई, अंजिरा. काय बी झालं तरी न्हाई. शप्पत घे.”

“कुनाची?”

ती घुटमळली. “माझी घे,” म्हणाली.

मी घेतली. तिनं दाराची कडी काढली, अंग चोरून आत शिरली आणि दार आतून लावून घेतलं.

छप्पर शाकारायचं म्हणजे आधी ते वाचायचं असतं, असं माझा बा म्हणायचा. वळचणीपासून आढ्यापर्यंत तळव्यानं दाबत जायचं. जिथं हात आत जातो तिथं कुजलंय. जिथं भुगा येतो तिथं वाळवी आहे. रिकाम्या घराच्या छपराची तर गतच वेगळी. खाली चूल पेटत नाही, गवताला धूर लागत नाही, मग वाळवी, उंदीर, ओल, सगळ्यांचं राज्य. दोन-तीन पावसाळ्यांत छप्पर बसतं. मी मनाची तयारी करूनच चढले होते की हाताला लगदा लागणार.

छप्पर टणक होतं. मी दाबत वर गेले, पुन्हा खाली आले, दुसऱ्या पाखीवर, पलीकडच्या उतारावर गेले. वरचा थर पावसानं काळवंडून विरला होता, तो बदलायलाच हवा होता. पण त्याच्या खाली गवत कोरडं, कडक, काजळीनं माखलेलं. कुठं वाळवीचा माग नाही. मी मूठभर उपसून नाकाशी धरलं. धुराचा वास होता, आणि तो जुना नव्हता. आमच्या घरच्या चुलीवरच्या शिंक्याला यायचा तसा, रोजच्या स्वैपाकाचा.

दिवा लावल्यानं इतका धूर होत नाही.

मला वाटलं, आत्या इथं येऊन एकटीच काही रांधत असेल, देवाला नैवेद्य. माणूस भ्यालं की आधी सोपं काहीतरी शोधतं.

मग आढ्याच्या जरा खाली, वस्तीकडच्या पाखीला, मला ते भोक लागलं. बोट-दोन बोटं जातील एवढंच. उंदराचं भोक कुरतडलेलं असतं, कडा विस्कटलेल्या असतात. याच्या कडा गुळगुळीत होत्या, रोज हात लागून लागून जात्याचा खुंटा होतो तशा.

“आत्या, हितं एक भोक हाय.”



“उंदराचं आसंल,” आत्या म्हणाली. “ऱ्हाऊ दे. त्ये बुजवू नगंस.”

“पाऊस यील की आत.”

“ऱ्हाऊ दे म्हनते ना.”

मी त्या भोकाच्या रेषेत डोकं आणलं आणि ते कुठं तोंड करून आहे ते पाहिलं. झाडांच्या दोन शेंड्यांमधून, खाली, थेट आमचं अंगण दिसत होतं. दुसरं काही नाही. आमची तुळस, आमचा उंबरा, आणि अंगणाच्या कडेचा तो दगड ज्यावर मी रोज धुणं धुवायची. ऊन चांगलं तापलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. चार वर्षं त्या दगडाशी बसून मी किती वेळा पदर सावरला असेल, किती वेळा एकटीच रडले असेन.

त्या दिवशी मी एक पाख उरकली. शाकारणीला दोन माणसं लागतात. वरचा माणूस गवताची पेंढी बसवतो, तिच्यावर बांबूची कांब आडवी धरतो, आणि वाखाची दोरी ओवलेली कळकाची लांब सुई गवतातून खाली खुपसतो. खालचा माणूस ती धरतो, वाशाला वेढा घालून दुसऱ्या बाजूनं वर परत देतो. वरचा दोरी आवळून गाठ मारतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मधे हातभर जाड गवत. आत्या सुई सावकाश द्यायची, चाचपडत, आणि दरवेळी “घे” म्हणायची. म्हातारीचे हात, कधी वेढा चुकायचा. पण काम झालं. संध्याकाळी मी खाली गेले, ती मागं राहिली. दिवा लावायला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून यायला लागलं होतं. घाटमाथ्यावर ढग टेकले होते. मी घाई केली. आढ्याजवळ पोचले तेव्हा दुपार कलत होती. सुई खाली दिली, वर आली. पुन्हा दिली, वर आली. काम भराभर सरकत होतं. आत्याचा हात आज बरा चाललाय, असं मला वाटलं. वेढा नेमका, सुई अगदी कांबीला लागून वर यायची, जिथं हवी तिथंच. “घे” म्हणणं मात्र तिनं सोडलं होतं. त्याऐवजी सुई वर आली की दोरीला हिसका बसायचा. एक, आणि मग जरा थांबून दुसरा, हलका.

पाचसहा टाके तसेच झाले असतील. मी कंबर मोकळी करायला ताठ झाले, आणि सहज नजर खाली ओढ्याकडं गेली.

आत्या ओढ्यावर होती.

वाख भिजवायला पाणी आणायला गेली असावी. झऱ्याशी वाकून ती वाटीनं घागर भरत होती. तिचं विटकं लुगडं, पांढरे केस, वाकलेली पाठ, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी तिच्याकडं बघत असतानाच माझ्या पायाशी गवत खसखसलं आणि सुई वर आली.

एक हिसका. मग दुसरा.

मी दोरी धरली नाही. सुई तशीच गवतातून उभी राहिली. वारा पडला होता. जरा वेळानं सुईनं हळूच हालचाल केली, धर ना, म्हटल्यासारखी.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात खालच्या घरावर कौलं नव्हती. तेव्हा मालक वर होते आणि मी आत. सुई खाली दिली की ते दोरीला दोन हिसके द्यायचे. मी विचारलं होतं, दोन कशाला? एक पुरतो की. ते म्हणाले, एक कामाचा, एक तुझा. तसे दोन हिसके दुसऱ्या कोणाला देताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या बाच्या हाताखाली इतकी छपरं केली, एकावरही नाही.

छपरावरून उतरून पळत सुटावं, तर पाय त्याच घराच्या आढ्यावर. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी सुई उपटून घेतली आणि हातभर बाजूला, जिथं टाका घालायचाच नव्हता तिथं, जोरानं खाली खुपसली. वाटलं, देव असेल, भूत असेल, तर त्याला ठाऊक असेल कुठं येणार ते. नसेल तर कळेल.

सुई कशात तरी रुतली. मऊ, पण गवत नव्हे. कोणी ओरडलं नाही. श्वाससुद्धा ऐकू आला नाही. जरा वेळ काहीच नाही, आणि मग ती शांतपणे वर आली, जिथून गेली होती तिथूनच.

टोकाला रक्त होतं. ताजं, लाल. दोरीवरून ओघळ खाली आला होता.

“लागलं का?” माझ्या तोंडून निघून गेलं. कोणाला विचारतेय ते मलाच कळत नव्हतं.



देव कितीही कडक असला तरी त्याला रक्त कुठलं? आणि भुतांबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की त्यांना लागलं तर ती किंचाळतात. हे जे कोणी खाली होतं त्याला आरपार टोचलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

मी शपथ घेतली होती. आत वाकून बघायचं नाही. पण मी दारातून बघत नव्हते. मी गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी गवत फाकवायला लागले. नुकतीच मारलेली गाठ सोडली, कांब सरकवली, नवा थर, जुना थर, काजळीचा थर. हात कोपरापर्यंत काळे झाले. मग खाली अंधार लागला, आणि माझ्या डोक्यावरून उन्हाचा एक पट्टा त्यात उतरला.

खाली माळा होता. चटई, तांब्या, घोंगडं. आणि चटईवर गुडघे मोडून बसलेला माणूस तोंड वर करून माझ्याकडं बघत होता. भुवया झडलेल्या, चेहरा सुजलेला, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. मांडीवर त्याचा उजवा हात उताणा पडला होता. तळव्यातून रक्त वाहत होतं, आणि तो हाताकडं बघत नव्हता. त्या हाताची दोन बोटं पेरापर्यंतच होती.

चेहरा मी ओळखला नसता. डोळे ओळखले.

“ह्यो खड्डा बुजव, अंजिरा,” ते म्हणाले. “वस्तीतनं दिसतं.”



“तुमी…” 

“मी गेलोय. तसंच ऱ्हाऊ दे.”

“हाताला लागलंय तुमच्या.”

त्यांनी हात वर करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा पाहावा तसा. “आता कळत न्हाई,” ते म्हणाले. “लागल्यालं, भाजल्यालं, कायच कळत न्हाई.” आणि तो हात घोंगड्याखाली लपवला.

खाली घागर आपटल्याचा आवाज आला. आत्या अंगणात उभी होती. पाणी तिच्या पायांवरून वाहत चाललं होतं. तिनं माझे काळे हात पाहिले, छपरातला खड्डा पाहिला.

“बगितलंस?” ती म्हणाली.

“का केलंत असं?” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “माझ्या हातनं बांगड्या फोडून घेतल्यात. जित्या मानसाच्या नावानं माझं कपाळ पुसलंत!”

“हळू बोल.”

“न्हाई बोलत हळू!”

आत्या वळचणीखाली आली. मान वर करून बोलत होती, आणि मी छपरावर बसून ऐकत होते. “ह्याच्या चुलत्याला ह्योच महारोग झाल्ता. तू न्हवतीस तवा. गावानं त्याला रानात खोपट बांदून दिलं. भाकर लांबनं ठेवायचे. एक दिस खोपटाला आग लागली. कुनी लावली ते कुनीबी बगितलं न्हाई. धूर तेवडा समद्यांनी बगितला. गवताचं छप्पर, पोरी. जळायला किती वेळ लागतो? जिता ऱ्हायला असता तर ह्याला बी हाकलला असता. मेल्याल्या मानसाला कोन हाकलतंय?”

खालून, गवताच्या आतून, त्यांचा आवाज आला.

“आईला बोल लावू नगंस. मीच सांगितलं. म्हनलं, ती मोकळी व्हईल. दुसरं घर करंल.”

“आन् मी केलं न्हाई तर?”

“त्या भोकातनं बगायचो ना रोज. सकाळी उटलो की आदी तेच. आज गेली आसंल म्हनून बगायचो. तू हायसच. बरं वाटायचं.” जरा थांबून ते म्हणाले, “मग लई वाईट वाटायचं.”

तेव्हा मला रडू आलं. छपराच्या आढ्यावर बसून, सगळ्या डोंगराला दिसेल असं मी रडले. चार वर्षांत जिच्या डोळ्यांना पाणी पाहिलं नव्हतं ती आत्या खाली कुडाला डोकं टेकून उभी होती, आणि तिची पाठ हलत होती.

पण ढग खाली आले होते, आणि छपराला माणूस जाईल एवढा खड्डा होता. मी तोंड पुसलं. आत्या आत गेली, तिनं त्यांच्या हाताला फडकं बांधलं. मी खड्डा भरला. सुई खाली दिली, ती वर आली. आढं बांधून झालं तेव्हा मी खाली उतरले आणि पहिल्यांदाच त्या घराच्या दारातून आत गेले. शपथ आत्याची होती. ती समोरच उभी होती, तिनं अडवलं नाही.

“उद्याच्या लाँचीनं जायचं,” मी म्हणाले.

“कुटं?” आत्या दचकली.

“तालुक्याला. दवाखान्यात. मागल्या हिवाळ्यात तितला सरकारी मानूस रोगाची चितरं घेऊन देवळात आल्ता. म्हनला, ह्या रोगावर आता गोळ्या निगाल्यात, मानूस बरा व्हतो. तुमी मदीच उटून गेलात, आत्या.”

“मला वाटलं त्याला कुनी सांगितलं आसंल. ह्याला धरायला आलाय.”

“तो बरं करायला आल्ता.”

मालक माळ्याच्या शिडीवर बसले होते, घोंगडं डोक्यावरून घेऊन. “लोक बगतील, अंजिरा,” ते म्हणाले. “मेल्याला मानूस लाँचीत बसत न्हाई.”

“मग जित्यावानी बसा,” मी म्हणाले.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. गोळ्या लांबल्या, दोन वर्षं चालल्या. रोग गेला. बोटं गेली ती गेली, भुवया काही परत आल्या नाहीत. काहींनी आमच्या हातचं पाणी प्यायला बरीच वर्षं घेतली, काहींनी कधीच प्यायलं नाही. आत्या मात्र मालकांना खाली आपल्या घरात, उजेडात जेवताना बघून गेली. मला आता आठवते ती त्या सकाळची लाँच.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा लाँच भरलेली होती. तालुक्याचा बाजार होता. कोंबड्या, दुधाच्या किटल्या, लेकुरवाळ्या बाया. मी पुढं, मालक मागं. फळीवरून चढताना त्यांच्या डोक्यावरचं घोंगडं सरकलं.

आधी कोणाला कळलं नाही. मग एका म्हातारीनं “अगं बया” केलं आणि लेकराचं तोंड पदरात दाबलं. कोणी देवाचं नाव घेतलं. कोणाची नजर हातावर गेली, आणि “रोग हाय, रोग” अशी कुजबुज फिरली. काही जण मेलेल्याला भ्याले, काही जण जित्याला. धक्का सुटला होता, उतरायला जागा नव्हती. सगळीच्या सगळी माणसं पलीकडच्या कडेला जाऊन दाटली. या बाजूच्या फळीवर आम्ही दोघंच.

लाँच कलली. इतकी कलली की गर्दीच्या बाजूनं पाणी आत यायला लागलं. किटल्या घरंगळल्या, बाया किंचाळल्या. मागं सुकाणूवर सावळाराम होता, तो गरजला, “अरं, भूत आसू दे न्हाई तर रोगी! लाँच बुडाली तर समदीच भुतं व्हाल! सरका त्या बाजूला! बसा त्येच्याजवळ!”

कोणी हलेना. पाणी आणखी आत आलं. मग गर्दीतून एक जण उठला. नथूभावजी. मालकांसाठी डोकं भादरून, त्यांच्या नावानं पिंड ठेवलेला माणूस. तोंड पांढरंफटक पडलं होतं. धरत धरत ते या बाजूला आले आणि मालकांच्या शेजारी बसले, मांडीला मांडी लावून. त्यांच्यामागून आणखी एक आला, मग दोन बाया. लाँच हळूहळू सरळ झाली.

नथूभावजी समोर पाण्याकडं बघत होते. शेवटी मालकच बोलले.

“नथू, धाव्याला कावळा शिवला व्हता का रं?”

भावजींनी मान वळवली.

“न्हाई, दादा,” ते म्हणाले. “दिस कलंपातूर बसलो. हात जोडले, नवस बोललो, तुला काय काय कबूल केलं. शिवलाच न्हाई. शेवटी दर्भाचा कावळा केला.”

“शिवंल कसा?” मालक म्हणाले. “त्याला ठावं व्हतं.”

आणि ते स्वतःच हसले. आधी भावजी, मग त्या दोन बाया, मग पलीकडच्या कडेला उरलेली माणसंही हसायला लागली, पाणी पायांखाली खेळत असताना, रडल्यासारखी.